दवाखान्यातली गोष्ट गावाच्या पारावर जाऊ नये म्हणून काय करायचं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, केसपेपरच्या लायनीत तीन माणसं तरी ओळखीची निघतातच. एक मामेसासू, एक आपल्याच बचत गटातली, अन् तिसरा तो ऑटोवाला जो आपल्याला घेऊन आला. त्यात खिडकीतला माणूस अख्ख्या लायनीला ऐकू जाईल असं विचारतो, "काय तकलीफ आहे वो बाई?" आता जिला पिशवी साफ करायची आहे तिनं काय सांगावं? एकीनं माझ्यासमोर "डोकं दुखते" सांगितलं, तिला गोळ्या देऊन वापस पाठवलं, मग ती पंधरा दिवस आलीच नाही, अन् आली तेव्हा आठवडे वाढून बसले होते.

मी विधी सेवा समितीची पॅरा लीगल व्हॉलंटियर आहे. म्हणजे वकील नाही, डॉक्टर तर नाहीच, तालुका कोर्टात एका टेबलावर बसून लोकांचं ऐकायचं आणि बरोबर दारात पाठवायचं एवढं काम. बायका जमिनीच्या, खावटीच्या नावानं येतात आणि सगळे उठून गेले की हळूच गर्भपाताचं विचारतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पहिले तो भिंतीवरच्या पाटीचा घोळ काढू. "गर्भलिंग निदान करणे गुन्हा आहे" ही पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे आणि त्यावरून अर्ध्या बायकांना वाटतं की गर्भपातच गुन्हा आहे. तसं नाही. पोरगा की पोरगी हे बघायला बंदी आहे, तो कायदा १९९४ चा, त्याला पीसीपीएनडीटी म्हणतात. गर्भपाताचा कायदा वेगळा आहे, एमटीपी, १९७१ चा, आणि २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पोरगी आहे म्हणून पाडणं गुन्हा, पण बाकीच्या कायदेशीर कारणांसाठी, मान्यता असलेल्या दवाखान्यात, पदवीचा आणि त्या कामाचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून करून घेणं गुन्हा नाही. मी हे सांगितलं की बायांच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण तिथंच उतरतो.

आता आठवडे. आपण महिने मोजतो, "तिसरा लागला" म्हणतो, डॉक्टर आठवडे मोजतात आणि तेही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, संबंध आला त्या दिवसापासून नाही. म्हणून आपल्या हिशोबात आणि त्यांच्या हिशोबात साधारण दोन आठवड्यांचा फरक येतो आणि ऐन वेळेवर भांडण होतं. कॅलेंडरवर पाळीची तारीख लिहायची सवय लावा, नावगाव काही लिहू नका, एक टिंब पुरे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं, आणि ते ठरावीक बायांसाठी: बलात्कार झालेली, १८ च्या आतली, पोटुशी असतानाच नवरा वारला किंवा घटस्फोट झाला अशी, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात मोठा दोष निघालेली, नाहीतर पूर-भूकंपासारख्या आपत्तीत सापडलेली. २४ च्या पुढे फक्त गर्भात मोठा दोष असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, अर्ज आल्यापासून ३ दिवसांत हो की नाही सांगायचं आणि ५ दिवसांच्या आत प्रक्रिया व्हायला पाहिजे असा नियम आहे. बाईचा जीवच धोक्यात असेल तर आठवड्यांची अट आडवी येत नाही.

एक गोष्ट खरी खरी सांगते. आपल्या कायद्यात "मला नको" एवढंच कारण लिहिलेलं नाही. जीवाला धोका, शरीराच्या किंवा मनाच्या तब्येतीला मोठी इजा, गर्भात दोष, असं काहीतरी डॉक्टरनं लिहावं लागतं. पण २० आठवड्यांपर्यंत संततिनियमनाचं साधन फसलं, म्हणजे कंडोम फाटला, गोळी चुकली, तांबी सरकली, आणि दिवस गेले, तर त्याचा मानसिक त्रास मोठाच आहे असं कायदा स्वतःच मानतो. २०२१ च्या आधी तिथं "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" होतं, आता "स्त्री किंवा तिचा जोडीदार" आहे. म्हणून लग्न न झालेल्या पोरीनंही हे कारण सरळ सांगायचं, मान खाली घालायची गरज नाही.

मग येतो खरा कळीचा प्रश्न, सही कोणाची? "नवऱ्याले घेऊन ये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडलं. एकदा मी स्वतः बाईसोबत होते, दवाखान्याचं नाव नाही घेत, तिथल्या सिस्टरबाईनं नवऱ्याची सही मागितली. नवरा गेला होता कापूस घेऊन जिनिंगला. मी म्हटलं, "कायद्यात कुठं लिहिलं आहे दाखवा." बाई म्हणाली, "कायदा बियदा काही नाही, आमची पद्धत आहे." पद्धत! तर ध्यानात ठेवा, १८ पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची सही लागते, मानसिक आजार असलेलीच्या बाबतीत तेवढी पालकाची. ना नवऱ्याची, ना सासूची, ना बापाची. त्या फॉर्मला फॉर्म सी म्हणतात, अर्ध्या पानाचा आहे, त्यात अमुकची मुलगी किंवा पत्नी, वय अंदाजे इतकं, राहणार अमुक, आणि माझी संमती आहे, बस. आधार नंबराचा रकाना त्यात नाहीच.

सुप्रीम कोर्टानं २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात हे अगदी स्वच्छ सांगितलं. दिल्लीतली २५ वर्षांची, लग्न न झालेली पोरगी होती, जोडीदारानं ऐन वेळी लग्नाला नाही म्हटलं. कोर्टानं म्हटलं की २० ते २४ आठवड्यांचा नियम लग्न न झालेल्या बायांनाही लागू आहे, आणि डॉक्टरांनी घरच्यांची संमती, कागदपत्रं, कोर्टाची परवानगी असल्या कायद्याबाहेरच्या अटी घालू नयेत. नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्तीसुद्धा या कायद्यापुरती बलात्कारात मोजायची, हेही त्याच निकालात आहे. याची एक प्रिंट काढून पर्समध्ये ठेवा, दाखवायची वेळ नाही आली तरी बोलताना आवाज वेगळा येतो.

आणि कोणी म्हणालं की हे शहरातलं खूळ आहे, तर राज्यघटनेचं कलम २१ सांगायचं, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा त्यातलाच मूलभूत अधिकार आहे. केस होती आधारची, लढले कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी, आणि फायदा आपल्या केसपेपरला! त्याच्याही आधी २००९ मध्ये चंडीगढच्या केसमध्ये कोर्टानं मूल होऊ द्यायचं की नाही हे ठरवणं कलम २१ मध्येच बसवलं होतं. तिथं गंमत उलटी होती, सरकारी आश्रयगृहातल्या एका मतिमंद बाईला मूल पाहिजे होतं आणि प्रशासन पाडायला निघालं होतं, कोर्टानं प्रशासनाला थांबवलं. म्हणजे हा अधिकार दोन्हीकडून आहे. सासरचे "पाड" म्हणत असतील आणि तुम्हाला ठेवायचं असेल तर तेही तुमचंच. तुमच्या मर्जीविरुद्ध कोणी गर्भपात केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आता नाव. हा सगळ्यात कामाचा भाग आहे आणि हा कोणी सांगतच नाही.

एमटीपीच्या २००३ च्या नियमावलीप्रमाणे तुमचं नाव फक्त एका दाखल रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. ते रजिस्टर गोपनीय, कुलपात ठेवायचं. त्यात तुम्हाला एक क्रमांक मिळतो आणि नंतरच्या सगळ्या कागदांवर, केसशीट असो, ओटीचं रजिस्टर असो, परत दाखवायला यायचं कार्ड असो, नाव नाही, तो क्रमांक लिहायचा. तुमचं संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत बंद लिफाफ्यात, वर "गुप्त" लिहून. वर जो महिन्याचा अहवाल जातो त्यात नुसते आकडे असतात. आणि डॉक्टरनं तुमचं नाव किंवा माहिती कायद्यानं अधिकार नसलेल्या माणसाला सांगितली तर कलम ५ए खाली एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणून सही करायच्या आधी शांतपणे विचारायचं, "मॅडम, माझा नंबर किती? कार्डावर नंबरच टाका." बहुतेक वेळा समोरची चमकते आणि मग नीट वागते, कारण तिला कळतं की हिला माहीत आहे.

पण कायदा रजिस्टरपुरता. गोष्ट फुटते ती रजिस्टरमधून नाही, लायनीतून, ऑटोतून, मेडिकलच्या काउंटरवरून. त्याला उपाय आपल्यालाच करावे लागतात.

खिडकीवर "स्त्रीरोग ओपीडीचा केसपेपर द्या" एवढंच बोला. खोदून विचारलं तर "पाळीची तकलीफ आहे" म्हणा, खोटं थोडीच आहे, पाळीच तर चुकली. पण आत डॉक्टरसमोर मात्र सगळं खरं सांगायचं, आधीचं सिझर, बीपी, रक्त कमी असणं, घरी काही गोळी खाल्ली असेल तर ती पण. तपासताना खोलीत दुसरे पेशंट, शिकाऊ पोरं, ओळखीचा वॉर्डबॉय असेल तर "पडदा लावा, बाकीच्यांना बाहेर पाठवा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. पुरुष डॉक्टर असेल तर सोबत बाई असायला पाहिजे.

कुठं जायचं हेही विचार करून ठरवा. सगळ्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हे होत नाही, ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर लागतो, म्हणून आधी फोन करून किंवा कोणाला पाठवून विचारा. सरकारी दवाखान्यात खर्च नसल्यासारखाच. अमरावतीचं डफरिन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, नागपूरचं डागा, गोंदियाचं गंगाबाई, ही बायांचीच इस्पितळं, सोय चांगली, पण गावात "डफरिनले गेली होती" म्हटलं की लोक बोटं मोजायला लागतात. त्यापेक्षा यवतमाळच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डोळ्यापासून हाडापर्यंत सगळं आहे, "डोळे दाखवायले चालली" म्हणून निघता येतं. एसटीत आता बायांना अर्धं तिकीट आहे, तालुका ओलांडून जायला जास्तीचे पैसे लागत नाहीत. खासगीत जायचं असेल तर भिंतीवर एमटीपीच्या मान्यतेचं सर्टिफिकेट आहे का बघा. नसेल तर उठून या, कितीही गोड बोलत असला तरी.

आशाताईचा विषय नाजूक आहे. बहुतेक आशाताई चांगल्या असतात, रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत जातात, त्यांच्यावर माझा काही आक्षेप नाही. पण ती गावातलीच असते, कोणाची तरी भावजय असते. आणि एकदा गरोदर म्हणून नोंद झाली, माता-बाल कार्ड निघालं, की नाव पोर्टलवर चढतं आणि मग "आल्या नाही वो तुम्ही इंजेक्शनले" म्हणून घरी फोन येतात. ठेवायचं की नाही हे ठरलं नसेल तर नोंदीची घाई करू नका. मेडिकलवर दहावीस रुपयांची पट्टी मिळते, घरीच तपासा, पट्टी गावातल्या मेडिकलवरून मात्र घेऊ नका.

गोळ्यांचं. ९ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतं, पण डॉक्टरच्या चिठ्ठीनं, आणि गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही, हे बघून. बऱ्याच मेडिकलवाल्यांनी ते किट ठेवणंच सोडलं आहे, कारण तपासणीची कटकट. मग कोणी तरी दुप्पट पैशात मागच्या दारानं देतो. तसं घेऊ नका. घेऊन बसला असाल आणि तासाला दोन पॅड भिजत असतील, असं दोन तास चाललं, किंवा चक्कर, ताप, पोटात एका बाजूनं जोरात कळ, तर लाज बाजूला ठेवून १०८ लावा. जीव वाचवायला डॉक्टर नाही म्हणू शकत नाही, ते सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

१८ च्या आतली पोरगी असेल तर दोन गोष्टी बदलतात. पालकाची लेखी संमती लागते, पण कायद्यात पालक म्हणजे तिचा सांभाळ करणारी व्यक्ती, बापच पाहिजे असं नाही, आजीकडे राहत असेल तर आजी चालते. आणि पोक्सो, म्हणजे १८ च्या आतल्यांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, याच भीतीनं लोक पोरीला घेऊन भलत्याच माणसाकडे जातात. तर त्याच २०२२ च्या निकालात सांगितलं आहे की पोरीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिचं नाव, पत्ता द्यायची गरज नाही. ही विनंती लेखी करा, दोन ओळी पुरतात, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आपल्याकडच्या सगळ्या डॉक्टरांना हे माहीत असतंच असं नाही, मला दोघांना निकालाचा तो परिच्छेद मोबाइलवर दाखवावा लागला. अन् ज्यांना केस लढायचीच आहे त्यांनी आधीच सांगावं, डीएनएसाठी गर्भाचा नमुना जपून ठेवावा लागतो. नंतर सांगून काही उपयोग नाही.

आठवडे २४ च्या वर गेले आणि बोर्ड नाही म्हणालं तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. ऐकून घाबरू नका. हायकोर्टात विधी सेवा उपसमिती आहे, वकील फुकट मिळतो, बायांना तर उत्पन्नाची अटच नाही. अशा केसा तातडीनं लागतात. वकिलाला पहिल्याच दिवशी सांगायचं की अर्जात माझं नाव नको, कोर्ट "एक्स" किंवा तसंच काही अक्षर लावून चालवतं. निकाल आपल्याच बाजूनं लागेल असं मी कोणाला सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या एका विवाहित बाईला सुप्रीम कोर्टानं परवानगी नाकारली होती. म्हणून जे करायचं ते लवकर, प्रत्येक आठवडा कामाचा आहे.

अजून एक खोड बघितली. "आधी ऑपरेशनचा फॉर्म भर, मगच सफाई करून देतो." नसबंदी किंवा तांबी ही अट घालता येत नाही, ती वेगळी गोष्ट आणि तिची संमती वेगळी. एका गोष्टीला दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, हे कोर्टानं २००८ मध्ये दिल्लीच्या एका केसमध्ये सांगितलं, तिथं बाई दुर्बिणीच्या तपासणीसाठी बेशुद्ध असताना तिची पिशवीच काढून टाकली होती. आपल्या भागात तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बाया कमी नाहीत, त्यांच्यातल्या कितीजणींना नीट विचारलं होतं देव जाणे. आणि उलट, तुम्हाला स्वतःहून नसबंदी करायची असेल तर सरकारी नियमात नवऱ्याची सही लागत नाही, तरी मागतात.

एचआयव्हीचंही थोडक्यात. गरोदरपणात ती तपासणी होते, पण आधी सांगून आणि तुम्ही हो म्हटल्यावरच. रिपोर्ट समुपदेशकानं बंद खोलीत सांगायचा, २०१७ चा कायदा तसंच म्हणतो. व्हरांड्यातून ओरडून नाव घेतलं तर तिथंच थांबवा.

कागदांचं म्हणाल तर डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, सगळ्याचा मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याच्या फोनमध्ये नाही, स्वतःच्या, आणि गॅलरीत उघडं नाही. गॅलरी पोरं बघतात. तुमचे रेकॉर्ड तुम्ही लेखी मागितले तर डॉक्टरनं ७२ तासांत द्यायला पाहिजे.

गोष्ट फुटलीच तर तक्रार. ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक, त्याच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, पीएचसी असेल तर तालुका आरोग्य अधिकारी नाहीतर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी (डीएचओ), डॉक्टर खासगी असो की सरकारी, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. पण इथं एक चूक माझ्याच हातून झाली होती. एका बाईची तक्रार मी चांगली दोन पानं, सगळं तपशीलवार लिहून दिली, आवक-जावकच्या क्लार्कनं ती वाचली, शिक्का मारला, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या ऑफिसला माहीत. म्हणजे ज्याची तक्रार तेच परत घडलं, आणि करणारी मी. तेव्हापासून मी दोन कागद करते. वरचा साधा, "दिनांक अमुक रोजी रुग्णालयात माझी वैयक्तिक माहिती उघड झाली, तपशील सोबतच्या बंद लिफाफ्यात", शिक्का आणि पोच त्याच्यावर घ्यायची. लिफाफा चिकटवून, जोडावर आडवी सही करून, वर "गोपनीय, फक्त अधीक्षकांनी उघडावे". क्लार्कनं उघडून मागितला तर द्यायचा नाही, थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा.

वकील पाहिजे असेल तर १५१०० वर फोन करा किंवा तालुका कोर्टात या, दुपारच्या सुट्टीनंतर गर्दी कमी असते. अर्जात कारणाच्या रकान्यात "कौटुंबिक" लिहा. बाकीचं टेबलावर बोलू, आणि टेबलावर कोणी बसलं असेल तर बाहेर चहाच्या टपरीमागं लिंबाखाली.